आईला जनरल कोणी केलं

म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममधल्या आमच्या इमारतीत हाउसमाइस्टर बदलला, की जुना नव्याच्या हाती तीन गोष्टी सोपवतो: तळघराच्या किल्ल्या, कचऱ्याच्या डब्यांचं वेळापत्रक आणि जनरलची गोष्ट. इमारतीची देखभाल करणारी ही माणसं एरवी फार बोलत नाहीत. पण ही गोष्ट सांगताना ती हातात नसलेली छत्री उगारतात, छाती काढून दोन फेऱ्या मारतात, आणि समोर उभा असलेला मी त्या जनरलचाच मुलगा आहे हे आठवलं की घसा खाकरून कचऱ्याच्या डब्यांकडे वळतात.

जनरल म्हणजे माझी आई. उंची पावणेपाच फूट, राहणार कऱ्हाड, आयुष्यात कधी एनसीसीतसुद्धा नव्हती. जर्मनीला ती एकदाच आली, दोन हजार पाच साली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. तेवढ्यात तिला हे इंग्रजी नाव पडलं, आणि ती कऱ्हाडला परतली तरी नाव इथंच राहिलं.

त्याच्या उगमाबद्दल इमारतीत मतभेद आहेत. हाउसमाइस्टरच्या परंपरेनुसार, गवत कापायचं यंत्र घेऊन आलेल्या माणसाला आईनं छत्री दाखवून पळवून लावलं, तेव्हा ते पडलं. हे साफ खोटं आहे. तिनं त्याला फक्त हातानं बाजूनं जायची खूण केली होती, आणि तो गेलाही. माझ्या बायकोच्या मते आईचं नाव बारशालाच हे ठेवायला हवं होतं, पडायला उशीर झाला एवढंच. नाव पडलं त्या क्षणी मी मात्र तिथंच, हातात बादली घेऊन उभा होतो. त्यामुळे खरा इतिहास मला ठाऊक आहे, आणि तो मी इतकी वर्षं सोयीपुरताच सांगत आलोय.

आई मे महिन्यात आली. येताना काही आणू नकोस, इथं सगळं मिळतं, असं मी तिला फोनवर तीनतीनदा बजावलं होतं. म्हणून तिनं काहीच आणलं नाही. फक्त एक मोठी किसणी, तुरटीचा खडा आणि चार जुन्या सुती साड्या. साड्या नेसायच्या नव्हत्या, वाळवणाखाली अंथरायच्या होत्या.

कऱ्हाडला आमच्या गल्लीत बटाट्याचा कीस दरवर्षी आईच्या देखरेखीखाली व्हायचा. उन्हाळ्यात एक दिवस ठरायचा, बायका आपापली किसणी घेऊन सकाळी सकाळी आमच्या गच्चीवर हजर व्हायच्या, आणि कोणी सोलायचं, कोणी किसायचं, कोणाच्या हाती मिठाचा डबा अजिबात द्यायचा नाही, हे आई ठरवायची. तिथं तिचा शब्द कोणी मोडला नाही. आता परदेशात नोकरी करणारी आपली सून एकादशीला खाते तरी काय, या चिंतेनं तिला ग्रासलं होतं. सून एकादशीला काय काय खाते, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे आल्या आल्या तिनं बेत जाहीर केला: दहा किलो बटाटे, वर्षाचा कीस.

बटाट्यांना आमच्या बव्हेरिया प्रांतात तोटा नाही. अडचण उन्हाची होती. इथं मे महिन्यात ऊन पडतं, पण ते बघायचं असतं, वापरायचं नसतं. आई रोज सकाळी आमच्या बाल्कनीत जायची, कठड्याबाहेर हात काढून धग जोखायची आणि आत येऊन म्हणायची, ‘आजही कच्चंच आहे.’ त्यात आमची बाल्कनी उत्तरेला. ऊन पडलं तरी ते आमच्याकडे न येता समोरच्या इमारतीला भेटून परत जायचं.

जूनमधल्या एका शनिवारी मात्र आभाळ निवळलं आणि सकाळी आठलाच भिंती तापायला लागल्या. आईनं हात बाहेर काढला, आत घेतला आणि आम्हां दोघांना उठवलं. दुपारपर्यंत आमच्या स्वयंपाकघराची रया गेली होती. मी सोलत होतो, बायको किसत होती, आई किसाला तुरटीच्या पाण्यातून काढून उकळत्या मिठाच्या पाण्यातून एक वाफ देत होती, आणि आमच्या दोघांच्या कामाबद्दल गल्लीतल्या अनुपस्थित बायकांकडे तक्रार करत होती. मग प्रश्न आला, वाळत कुठं घालायचा? आईनं खिडकीतून मागच्या हिरवळीकडे बोट दाखवलं.

ती हिरवळ सगळ्या इमारतीच्या मालकीची. तिच्यावर कोणी बसत नाही, चालत नाही, मुलं खेळत नाहीत. ती दर पंधरवड्याला कापली जाते आणि आपापल्या बाल्कनीतून बघितली जाते.

‘अहो आई, तिथं असं काही घालत नाहीत हो,’ बायको म्हणाली. ‘लोक हसतील.’

‘हसतील त्यांचे दात दिसतील,’ आई म्हणाली, आणि साड्या काखेत मारून जिना उतरायला लागली.

अर्ध्या तासात त्या हिरवळीवर चार कऱ्हाडी साड्या अंथरल्या गेल्या आणि त्यांवर दहा किलो बटाटे पांढरेशुभ्र होऊन पसरले. आई माझी लांब दांड्याची काळी छत्री घेऊन दोन साड्यांमधून येरझाऱ्या घालत होती. पक्षी आला की छत्री उगारायची, कुठं कीस दाट पडला असेल तर छत्रीच्या टोकानं मला जागा दाखवायची. ‘तिकडचं पातळ कर. अरे, तिकडचं म्हणजे तिकडचं!’ मी अर्ध्या चड्डीत, बादली घेऊन, तिकडचं पातळ करत होतो. हळूहळू बाल्कन्यांत माणसं जमली. ज्यांचे चेहरे मी दोन वर्षांत पाहिले नव्हते तेही बाहेर आले.

तिसऱ्या मजल्यावर एक बाई एकट्या राहायच्या. पंचाहत्तरीच्या, ताठ, केस नेहमी नुकतेच बसवल्यासारखे. लढाई संपल्यावर मुलगी असताना त्या म्युनिकमध्ये अमेरिकन सैनिकांच्या कँटीनमध्ये कामाला होत्या. त्यामुळे त्यांचं इंग्रजी अस्सल अमेरिकन होतं आणि ते वापरायची संधी त्या सोडत नसत. त्या कठड्यावरून वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, ‘बघा बघा! जनरल आपल्या फौजेची पाहणी करतायत!’ जर्मनमधला जड ‘ग’ नव्हे, स्वच्छ अमेरिकन ‘ज’. सगळ्या बाल्कन्या हसल्या.

मीही हसलो. नुसता हसलो नाही, सगळ्यांच्या वरचढ हसलो, मान मागे टाकून, बादली गुडघ्यावर आपटून. मला त्यांना दाखवायचं होतं की मी त्यांच्यातला आहे, मलाही हे हास्यास्पद वाटतं, ही बाई माझी आई असली तरी ही कल्पना माझी नाही. हे सगळं तेव्हा एवढं सुटं सुटं कळलं नव्हतं. पण गालांना मात्र कळलं होतं, कारण हसून झाल्यावर ते दुखत होते.

आई थांबली. ‘काय म्हणाली रे ती?’

‘तुला जनरल म्हणाली. सैन्यातला सगळ्यांत मोठा अधिकारी. मान देतायत तुला.’

‘बरं,’ आई म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली.

किसाला दोन दिवस कडक ऊन लागतं. आम्हाला एक मिळालं. रविवारी सकाळी पाऊस आला तो मंगळवारपर्यंत मुक्कामाला राहिला. ओला कीस घरभर पसरला: इस्त्रीच्या टेबलावर, सोफ्याच्या पाठीवर, पुस्तकांच्या कपाटावर. बायकोनं जून महिन्यात हीटर लावले. तरीही कडेचा कीस काळा पडायला लागला, आणि आई काळा कीस वेचून वेगळा काढत राहिली. त्यात सोमवारी जिन्यात सूचना लागली, की हिरवळीवर खाद्यपदार्थ किंवा खाद्यपदार्थांसारख्या वस्तू पसरू नयेत. त्या ‘सारख्या’वर मी अडखळलो. आईला मात्र सांगितलं, की गवतावर औषध मारणार आहेत, म्हणून काही दिवस तिथं काही घालता येणार नाही.

‘बरं,’ आई म्हणाली. हा दुसरा.

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. माझी पाचावर धारण बसली. इथं शेजारी बेल वाजवतो तो सहसा तुमचं काय चुकलं ते सांगायलाच. मी ऑफिसात वापरायची सगळ्यांत सभ्य जर्मन वाक्यं जुळवत होतो, तोवर त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, ‘जनरल कुठे आहेत?’

आई इस्त्रीच्या टेबलाशी होती. बाई सरळ तिच्याकडे गेल्या. चिमूटभर कीस उचलला, बोटांत चोळला, वास घेतला, आणि काळ्या पडलेल्या ढिगाकडे बघून चुकचुकल्या. मग मला म्हणाल्या, ‘लढाईनंतर माझी आई बटाट्याच्या चकत्या दोऱ्यात ओवून चुलीवर वाळवायची. त्याही अशाच काळ्या पडायच्या. आल्झो, तर मग, तिला सांग, माझी बाल्कनी दक्षिणेला आहे.’

हे मी जसंच्या तसं सांगितलं. यात माझं काही अडकलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे आई सकाळी न्याहारी झाली, की टोपली घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायची. ऊनही एव्हाना पिकलं होतं. उरलेला कीस वाळला, मग नव्यानं पाच किलो बटाटे आले, मग बाईंनी स्वतःच्या पैशानं आणखी पाच आणले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यावाचून दोघींचं काही अडतही नव्हतं. मी ऑफिसातून आल्यावर आईला आणायला वर जायचो, तर बाल्कनीतून आईचा आवाज यायचा, ‘अहो बाई, हलवा जरा त्याला, खालून ओला आहे!’ आणि लगेच बाईंचा, ‘येस, जनरल!’ मराठी हुकूम, अमेरिकन होकार आणि बव्हेरियन बटाटे. किसाला अर्थात यातलं काहीच कळत नव्हतं, तो मुकाट्यानं वाळत होता.

आईनं त्यांना पहिला कीस तळून दिला, वर शेंगदाणे, तिखट, मीठ, साखर. बाईंनी तो बिअरबरोबर खाल्ला. ‘उपासाचं आहे म्हणावं तिला,’ आई मला घाईघाईनं म्हणाली. मी सांगितलं. बाईंनी ताटलीकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं, आणि असला उपास आपल्याला रोज चालेल असं कळवलं.

नाव मग जिन्याजिन्यानं खाली उतरलं. सूचना लावून गेलेला हाउसमाइस्टर आईला बघून टाचा जुळवायला लागला. तळमजल्यावरचे आजोबा ‘गुटन मॉर्गन, जनरल’ म्हणायचे आणि आई मान हलवून तो नमस्कार स्वीकारायची. कऱ्हाडला फोनवर ती मावशीला सांगत होती, ‘इथं मला जनरल म्हणतात,’ आणि मी शेजारच्या खोलीत ऐकत होतो. मला बरं वाटायला हवं होतं. पण दर वेळी ते नाव ऐकलं, की मला हिरवळ आठवायची आणि माझं स्वतःचं हसणं. ते तिला कळू नये, एवढीच माझी त्या उन्हाळ्यातली इच्छा होती. ताकास तूर लागू द्यायची नाही असं मी ठरवलं होतं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी, आई निघायच्या तीन दिवस आधी, बाईंनी आम्हाला कॉफीला बोलावलं. टेबलावर जर्दाळूचा केक, अंडं न घातलेला, मुद्दाम आईसाठी. कीस भरलेल्या दोन मोठ्या बरण्या कपाटावर शेजारी शेजारी. आईनं एक घास खाल्ला, तोंड पुसलं आणि मला म्हणाली, ‘विचार तिला, मला जनरल का म्हणते.’

‘सांगितलं होतं ना मी तुला.’

‘तू सांगितलंस. आता तिला विचार.’

विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाईंनी कप खाली ठेवला.

‘आल्झो,’ त्या म्हणाल्या, ‘मी सोळा वर्षांची होते. कँटीनमध्ये दिवसभर बटाटे सोलायचे. एकदा एक खराखुरा जनरल तपासणीला आला. हातात छडी. बटाट्यांच्या ढिगांपुढून असा चालला, की बटाट्यांनी उठून सलाम ठोकावा. तो गेल्यावर आम्ही मुली पोट धरधरून हसलो. त्या दिवशी तुझी आई छत्री घेऊन चालताना दिसली आणि मला तोच आठवला.’ एवढं बोलून त्यांनी आईचा हात आपल्या हातात घेतला. ‘पण हे अर्धंच झालं. त्या दिवशी मी तिची टिंगल केली. गेनाऊ, अगदी टिंगलच. तू एवढ्यानं हसलास, म्हणून मला वाटलं, तुमच्यात चालत असेल. आता मी ते नाव घेते तेव्हा टिंगल नसते. तिला सांग, की मला त्या दिवसाचं वाईट वाटतं. मी तिची माफी मागते. अगदी असंच सांग.’

दोघीही माझ्याकडे बघत होत्या. माफी सांगायची तर आधी गुन्हा सांगायला हवा, आणि गुन्ह्यात माझंही नाव होतं, बाईंच्या वर. एक पंचाहत्तरीची बाई, जिला काही गरज नव्हती, तीन वाक्यांत मोकळी झाली होती. आणि रोज ऑफिसात दोन भाषांत मीटिंगा चालवणाऱ्या मला एक सरळ वाक्य मराठीत आणता येईना.

‘म्हणतायत,’ मी आईला म्हणालो, ‘त्यांच्या तरुणपणी एक मोठा अधिकारी होता. तुझ्यासारखाच शिस्तीचा. तू त्याची आठवण करून देतेस.’

‘एवढं लांबलचक बोलली ती.’

‘ही माणसं लांबण लावतात गं.’

आईनं बाईंकडे पाहिलं. बाईंचे डोळे ओले होते आणि त्यांनी तिचा हात अजून सोडला नव्हता. आईनं आपला दुसरा हात त्यावर ठेवला, थोपटला आणि मग मला म्हणाली, ‘बरं.’

तो तिसरा होता. केक मला त्यानंतर गिळवला नाही. एकीची माफी मधल्यामध्ये खाऊन बसलेल्या माणसाला वर केकही कुठून जाणार?

निघायच्या दिवशी बाई फाटकापर्यंत खाली आल्या आणि हात कपाळाशी नेऊन आईला सॅल्यूट ठोकला. आईनंही ठोकला, डाव्या हातानं, कारण उजव्या हातात पर्स होती. म्युनिकच्या विमानतळावर मी तिची बॅग दिली, कागद पुन्हा पुन्हा तपासले, दुबईला कुठलं फाटक शोधायचं ते चारदा सांगितलं. सुरक्षा तपासणीच्या रांगेच्या तोंडाशी आम्ही उभे होतो. तिथून पुढे मला जाता येणार नव्हतं. मागून लोक येत होते, आम्हाला वळसा घालून पुढे जात होते.

‘एक विचारू?’ आई म्हणाली. ‘त्या बाईनं परवा माझी माफी मागितली ना?’

मी तिचे कागद पुन्हा तपासायला घेतले.

‘हात धरून एवढं डोळ्यात पाणी आणून कोणी शिस्तीच्या अधिकाऱ्याची गोष्ट सांगत नाही रे. मला इंग्रजी येत नाही. माणसं येतात.’

‘आई, त्या दिवशी हिरवळीवर...’

‘ते त्याच दिवशी कळलं होतं. पंधरा जणं दात काढून हसतायत आणि तू म्हणतोस मान देतायत.’ ती रागावली नव्हती. गल्लीत एखाद्या बाईचा कीस जाड निघाला, की ज्या आवाजात दाखवून द्यायची, त्याच आवाजात बोलत होती. ‘ती हसली, त्याचं मला काही नाही. तिला मी कोण ते ठाऊक नव्हतं. कळल्यावर तिनं माफी मागितली. तिची मला पोचली. पण त्या दिवशी सगळ्यांत जास्त दात तुझे दिसले.’

मी खाली बघितलं. चाळिशीकडे झुकलेला माणूस, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी, आणि मला दुसरीत पाटी फुटल्यावर वाटलं होतं तसं वाटत होतं.

‘चुकलं,’ मी म्हणालो.

‘काय?’

‘चुकलं माझं.’

‘हसताना केवढ्यानं हसला होतास,’ आई म्हणाली, ‘आणि आता पुटपुटतोस होय रे?’

‘आई, माझं चुकलं!’ मी म्हणालो, आणि ते इतक्या मोठ्यानं निघालं, की आख्खी रांग वळून बघायला लागली. कोणीतरी हसलं सुद्धा.

‘आता आलं ऐकू,’ ती म्हणाली. माझ्या गालावर एकदा हात ठेवला, पर्स खांद्याला लावली, आणि पुढे रेंगाळणाऱ्या एका धिप्पाड गृहस्थाला हातानं बाजूला व्हायची खूण करून आत गेली. तो झाला बाजूला.